जुनी मोटर, नवा ड्राइव्ह

थ्री-फेज इंडक्शन मोटर किती वेगाने फिरणार हे दोनच गोष्टी ठरवतात: पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी आणि वाइंडिंगमधल्या पोलची संख्या. फ्रिक्वेन्सीला १२० ने गुणून पोलच्या संख्येने भागले की चुंबकीय क्षेत्राचे मिनिटाला होणारे फेरे मिळतात. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरीत ते १५०० भरतात. रोटर क्षेत्राच्या थोडा मागे राहतो, म्हणून पाटीवर १४४० किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो. पोल वाइंडिंगमध्येच बांधलेले आणि फ्रिक्वेन्सी वीज पुरवणाऱ्याच्या हाती, अशी स्थिती असल्यामुळे मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये पिंजरा-रोटरची थ्री-फेज मोटर घडवल्यानंतरही कित्येक दशके ती एकाच वेगाची मोटर म्हणून वापरली गेली. वेग बदलायचा तर पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकायचा, नाहीतर गिअर बदलायचा.

व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्हने ही अडचण दूर केली. कारखान्यांत त्याला नुसते ‘ड्राइव्ह’ किंवा ‘व्हीएफडी’ म्हणतात. तो आलेल्या एसी विजेची आधी डीसी करतो, ती मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो आणि सहा इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तिचे तुकडे पाडून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज वीज तयार करतो. फ्रिक्वेन्सी कमी करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावे लागते, नाहीतर स्टॅम्पिंगमधले (लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यातले) चुंबकीय क्षेत्र मर्यादेबाहेर जाऊन करंट बेसुमार वाढतो. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटरीसाठी हे प्रमाण हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट पडते. २५ हर्ट्झवर साधारण २०८ व्होल्ट. मोटरीला हवे तेवढे क्षेत्र मिळत राहते आणि ती कमी वेगातही पूर्ण टॉर्क देते.

जुनी मोटर म्हणजे येथे ड्राइव्हचा विचार न करता बांधलेली मोटर. तिची पाटी बहुधा स्वतःच वय सांगते. क्षमता किलोवॉटऐवजी हॉर्सपॉवरमध्ये, हर्ट्झऐवजी ‘सायकल्स’ (हर्ट्झ हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० मध्ये स्वीकारले गेले), व्होल्टेज ४००/४४०, इन्शुलेशनचा वर्ग ए किंवा ई, आणि पायांच्या भोकांची मापे इंचांत. महाराष्ट्रात अशा मोटरी अजून पुष्कळ चालू आहेत. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हापासून विजेची मोटर येथल्या उद्योगाचा भाग झाली. गिरण्या गेल्या, पण पुढच्या दशकांतल्या मोटरी वर्कशॉपच्या लेथवर, पिठाच्या चक्कीवर, फाउंड्रीच्या ब्लोअरवर, गुऱ्हाळाच्या चरकावर टिकून राहिल्या. जाड बिडाचे अंग, भरपूर स्टॅम्पिंग आणि सढळ हाताने वापरलेले तांबे यांमुळे त्या दणकट आहेत. चांगली मोटर केवळ वयामुळे भंगारात काढणे हा तोटा आहे. पण तिचे अंग दणकट दिसते म्हणून तिला निर्धास्त ड्राइव्ह जोडणे हाही तोटाच. तिचा जोर लोखंडात आणि तांब्यात असतो. ड्राइव्हचा मारा बसतो तो त्या दोघांच्या मधल्या इन्शुलेशनवर.

हा मारा कसा होतो ते नीट पाहायला हवे, कारण बाकीचे बहुतेक निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

ड्राइव्हमधून बाहेर पडणारे व्होल्टेज सरळ साइन लाटेसारखे नसते. डीसीचे पूर्ण व्होल्टेज क्षणात चालू आणि क्षणात बंद होते. चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करून सरासरी साइनसारखी राखली जाते. ही पद्धत १९६४ मध्ये ब्राउन बोव्हेरीच्या शोनुंग आणि श्टेमलर या अभियंत्यांनी मोटरींसाठी मांडली. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर डीसीची पातळी ४१५ च्या १.४१४ पट, म्हणजे ५८७ व्होल्ट असते. म्हणजे मोटरीला सरासरी २०० व्होल्ट मिळत असले तरी प्रत्येक स्पंद ५८७ व्होल्टचाच असतो, आणि असे स्पंद सेकंदाला हजारोंनी येतात. स्विचिंग ४ किलोहर्ट्झला ठेवले तर आठ तासांच्या एका पाळीत त्याची साडेअकरा कोटी आवर्तने होतात.

सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये थायरिस्टर आणि नंतर साधे पॉवर ट्रान्झिस्टर होते. ते व्होल्टेज चढवायला तुलनेने वेळ घेत. १९८० च्या दशकात आयजीबीटी हा स्विच आला. त्याच्या विकासात मद्रासच्या आयआयटीत शिकलेले बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. १९९० च्या दशकात आयजीबीटीचे ड्राइव्ह सगळीकडे पसरले. हे स्विच एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावरून पूर्ण व्होल्टेजवर पोचतात. त्यामुळे ड्राइव्ह लहान, थंड आणि स्वस्त झाले, आणि नेमक्या त्याच काळात मोटरींची वाइंडिंग कारण न कळता जळू लागली. एखादी मोटर जुन्या ड्राइव्हवर वर्षानुवर्षे व्यवस्थित चालते आणि ड्राइव्ह बदलल्यावर थोड्याच काळात जाते, याचे उत्तर बहुधा या तीव्र चढात सापडते.

चढ तीव्र झाला की केबलची लांबी महत्त्वाची ठरते. व्होल्टेजचा स्पंद केबलमधून प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने, म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर धावतो. मोटरीचे वाइंडिंग त्याला केबलपेक्षा कितीतरी अधिक अडवते. कालव्यातली लाट बंद दारावर आपटली की तिथे पाणी जवळजवळ दुप्पट चढते, तसे स्पंदाचे मोटरीच्या टर्मिनलवर होते. परावर्तित लाट ड्राइव्हपर्यंत जाऊन परत यायच्या आत चढ पूर्ण झाला असेल तर ही वाढ जवळजवळ पुरी दुप्पट होते. ०.१ मायक्रोसेकंदाच्या चढाला त्यासाठी साडेसात मीटर केबल पुरते. २ मायक्रोसेकंदाच्या चढाला १५० मीटर लागली असती. म्हणून पंपाजवळ बसवलेला ड्राइव्ह आणि पॅनेलखोलीत बसवून चाळीस मीटर केबलने जोडलेला तोच ड्राइव्ह यांत जुन्या मोटरीच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या जोडणीत मोटरीच्या टर्मिनलवर ५८७ ऐवजी ११७० व्होल्टपर्यंतचे टोक येते. रात्री पुरवठा ४४० वर गेला, किंवा वेग झटकन उतरवताना मोटरीतली ऊर्जा उलटून डीसी ७५० पर्यंत चढली, तर ते टोकही त्याच प्रमाणात वर जाते.

आता वाइंडिंगच्या आत काय होते ते. साइन पुरवठ्यावर फेजचे व्होल्टेज सगळ्या वेढ्यांत सारखे वाटले जाते. फेजमध्ये दोनशे वेढे असतील तर दोन शेजारी वेढ्यांत जेमतेम दोन-तीन व्होल्ट येतात, आणि तेवढ्यासाठी एनॅमलचा पातळ लेपही पुरून उरतो. तीव्र स्पंद मात्र सगळ्या वेढ्यांत एकदम पसरत नाही. पहिल्या कॉइलवर त्याचा मोठा भाग, कित्येकदा निम्म्याहून अधिक, एका क्षणासाठी पडतो. लहान-मध्यम मोटरींत कॉइलची तार स्लॉटमध्ये हाताने सोडलेली असते. त्यात पहिला वेढा शेवटच्या वेढ्याला चिकटून बसणे अगदी शक्य असते. मग कॉइलवरचे सगळे व्होल्टेज त्या दोन तारांच्या मधल्या लेपावर येते.

तारांच्या मध्ये हवेची सूक्ष्म पोकळी राहिलेली असली तर तिथून घात सुरू होतो. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले की हवेत ठिणगी पडायला, फट कितीही लहान असो, एका ठराविक किमान व्होल्टेजची गरज असते. ते सुमारे ३३० व्होल्ट आहे. साइन पुरवठ्यावर शेजारी वेढ्यांत तेवढे व्होल्टेज कधी येतच नाही. ड्राइव्हवर ते येऊ शकते. प्रत्येक स्पंदाबरोबर पोकळीत डोळ्यांना न दिसणारी ठिणगी पडते, ओझोन तयार होतो, लेप कणाकणाने खाल्ला जातो आणि एक दिवस दोन वेढे एकमेकांना भिडतात. मोटर उघडल्यावर बाकीचे वाइंडिंग सोनेरी दिसते आणि लीडजवळची एकच कॉइल काळी पडलेली असते. हे ओव्हरलोडने जळलेल्या मोटरीचे लक्षण नाही. ओव्हरलोडमध्ये तिन्ही फेज सारखेच करपतात.

जुन्या वाइंडिंगमध्ये अशा पोकळ्या अधिक असतात. सुती आवरणाची तार, कागद, कापड आणि त्यावर बुडवून सुकवलेले वार्निश हा ए वर्गाचा प्रकार. त्याची तापमानमर्यादा १०५ अंश सेल्सिअस. नंतर सिंथेटिक एनॅमल आणि पॉलिएस्टर फिल्म आल्यावर ई वर्ग १२० अंशांवर, बी १३० वर आणि एफ १५५ वर गेला. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वार्निश आकसते, तडकते, सुटे होते आणि तिथे हवा शिरते. माँटसिंगर यांनी १९३० मध्ये ट्रान्सफॉर्मरवरच्या कामातून मांडलेला ठोकताळा मोटरींनाही लावतात: तापमान दहा अंशांनी वाढले की इन्शुलेशनचे आयुष्य निम्मे होते.

ड्राइव्हने येणारी जादा उष्णता म्हणूनच दुसरी मोठी चिंता ठरते. ती दोन वाटांनी येते. एक म्हणजे स्पंदांतल्या उच्च फ्रिक्वेन्सींमुळे स्टॅम्पिंगमध्ये आणि रोटरच्या सळ्यांत होणारा जास्तीचा व्यय. थेट पुरवठ्यावर जोरात उचल घेता यावी म्हणून खोल सळ्यांचे किंवा दुहेरी पिंजऱ्याचे रोटर जुन्या मोटरींत वापरत. त्यांच्यात हा व्यय अधिक होतो. दुसरी वाट जास्त धोक्याची आहे. मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून वेग उतरला की वाराही उतरतो. पंप आणि ब्लोअर यांना कमी वेगात टॉर्कच कमी लागतो, वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या भागावर येते, त्यामुळे तिथे अडचण नाही. कन्व्हेयर, कॉम्प्रेसर, चरक यांना मात्र कमी वेगातही पुरा टॉर्क लागतो. करंट पूर्ण आणि वारा निम्मा, अशा स्थितीत २५ हर्ट्झच्या खाली जुनी मोटर तासन्‌तास चालवणे म्हणजे तिला मंद आचेवर भाजणे होय. वेगळ्या पुरवठ्यावर चालणारा छोटा पंखा मागे बसवला की हा प्रश्न सुटतो, आणि त्याचा खर्च रिवाइंडिंगपेक्षा पुष्कळ कमी असतो. ड्राइव्ह करंटवरून तापमानाचा अंदाज बांधतो खरा, पण जुन्या मोटरीच्या हवेच्या वाटा धुळीने भरल्या आहेत हे त्याला दिसत नाही. ओव्हरहॉलच्या वेळी कॉइलच्या डोक्यात थर्मिस्टर बांधून त्याच्या तारा ड्राइव्हला जोडणे हाच खरा पहारा.

बेअरिंगचा प्रश्न उशिरा ध्यानात येतो. ड्राइव्हच्या तिन्ही फेजची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य नसते. ते उरलेले व्होल्टेज स्टेटर आणि रोटरमधल्या हवेतून शाफ्टवर उतरते आणि ग्रीसचा पातळ थर फोडून बेअरिंगमधून बॉडीकडे जाते. लाखो बारीक ठिणग्यांनी बेअरिंगच्या वाटेवर कपडे धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेषा उठतात आणि मोटर गुणगुणू लागते. शाफ्टला टेकणारी कार्बनच्या तंतूंची अर्थिंग रिंग, एका बाजूला इन्शुलेटेड बेअरिंग आणि ड्राइव्हपासून मोटरीपर्यंत शील्ड असलेली केबल हे त्यावरचे उपाय आहेत. फार जुन्या मोटरींत बॉल बेअरिंगऐवजी गनमेटलचे बुश असतात आणि शाफ्टवर लोंबणारी कडी खालच्या कुंडीतले तेल वर आणते. वेग फार कमी झाला की ती कडी तेल उचलेनाशी होते. अशा मोटरीला ड्राइव्हमध्ये किमान वेगाची मर्यादा घालणे अनिवार्य आहे. उलट दिशेनेही मर्यादा हवी: ५० हर्ट्झच्या वर व्होल्टेज वाढत नाही, टॉर्क घटतो आणि रोटरवर त्याच्या मूळ बॅलन्सिंगच्या पलीकडचा ताण येतो. जुन्या मोटरीसाठी ५० हीच कमाल मर्यादा धरलेली बरी.

मोटर ड्राइव्हला जोडण्याआधी तिची तपासणी करावी लागते, आणि तिथे एक समज वारंवार फसवतो. मेगर चांगला आला म्हणजे मोटर चांगली, असे मानले जाते. मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधले इन्शुलेशन मोजतो. दोन वेढ्यांमधले नाही. ड्राइव्हचा घाव मात्र वेढ्यांमध्येच बसतो. मेगर तरीही पहिली पायरी आहेच. अमेरिकेच्या आयईईई ४३ या मानकात साधारण १९७० पूर्वीच्या वाइंडिंगसाठी किलोव्होल्टमध्ये एक मिळवून येईल तेवढे मेगओहम किमान मानले आहेत, म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटरीला सुमारे १.४, त्यानंतरच्या, हाताने सोडलेल्या वाइंडिंगच्या लहान मोटरींना ५. हे आकडे ४० अंश तापमानासाठी आहेत आणि ते काठावरचे आहेत. ड्राइव्हवर जाणाऱ्या मोटरीत आकडा त्याच्या कितीतरी वर असावा. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मोटरीचा मेगर उतरलेला असतो. ती मंद उष्णतेत वाळवून पुन्हा मोजावी. वेढ्यांची परीक्षा सर्ज टेस्टरने होते आणि चांगल्या रिवाइंडिंग वर्कशॉपमध्ये ते यंत्र मिळते. मेगर लावताना मोटरीच्या तारा ड्राइव्हपासून सोडवायलाच हव्यात, नाहीतर मेगरचे ५०० किंवा १००० व्होल्ट ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्सचा बळी घेतात.

जोडणीत जुन्या मोटरीच्या काही खास गोष्टी आहेत. पॉवर फॅक्टरसाठी टर्मिनलवर लावलेला कॅपॅसिटर काढून टाकावा. ड्राइव्हच्या बाहेरच्या बाजूला तो राहिला तर ड्राइव्ह ट्रिप होतो किंवा फुटतो. स्टार-डेल्टा स्टार्टर काढून मोटर कायमची डेल्टामध्ये बांधावी. स्लिप-रिंग मोटरीच्या रिंगा शॉर्ट करून बाहेरचा रेझिस्टन्स सोडावा. ब्रेक असलेल्या मोटरीत ब्रेकची कॉइल मोटरीच्याच टर्मिनलवरून पोसलेली असते. तिला वेगळा कायम पुरवठा द्यावा, नाहीतर कमी वेगात ब्रेक उघडणारच नाही. आणि ड्राइव्ह निवडताना हॉर्सपॉवरवर न जाता पाटीवरच्या अँपिअरवर जावे. सहा-आठ पोलच्या जुन्या मोटरी नुसते क्षेत्र उभे करायलाच बराच करंट घेतात, आणि त्याच हॉर्सपॉवरच्या नव्या मोटरीसाठीचा ड्राइव्ह त्यांना अपुरा पडतो.

घरगुती वर्कशॉपमध्ये वेगळीच सोय साधता येते. भारतात ४१५ व्होल्टच्या लहान मोटरी, साधारण ३ एचपीपर्यंतच्या, बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक फेजवर २४० व्होल्टच पडतात. तीच मोटर डेल्टामध्ये बांधली की ती २३० व्होल्ट सिंगल-फेजवर चालणाऱ्या ड्राइव्हला नेमकी बसते. थ्री-फेज कनेक्शन नसलेल्या ठिकाणी जुना लेथ असा सुरू होतो. शिवाय या ड्राइव्हमध्ये डीसी ३२५ व्होल्टच असते. केबलमुळे दुप्पट झाले तरी टोक ६५० वर थांबते. जुन्या इन्शुलेशनसाठी ही सर्वांत सौम्य जोडणी म्हणता येईल. मोटरीतून तीनच तारा बाहेर आल्या असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या डोक्यात दडलेला असतो. तो शोधून, सोडवून तीन नव्या लीड बाहेर काढाव्या लागतात, आणि ठिसूळ वार्निशमध्ये हे काम अनुभवी वाइंडरनेच करावे. मुळात डेल्टामध्ये ४१५ व्होल्टसाठी बांधलेल्या मोठ्या मोटरीला हा मार्ग नाही. २३० व्होल्टवर तिला २७-२८ हर्ट्झपर्यंतच पुरा टॉर्क मिळेल.

४१५ व्होल्टच्या ड्राइव्हवर मात्र स्पंद मवाळ करावे लागतात. पहिला उपाय फुकटचा आहे: ड्राइव्ह मोटरीजवळ बसवणे आणि स्विचिंग २ ते ४ किलोहर्ट्झवर ठेवणे. मोटर जरा किणकिणते, पण स्पंदांची संख्या घटते. वेग उतरवण्याचा वेळ सढळ ठेवला की डीसी चढत नाही. त्याने भागत नसेल तर ड्राइव्हच्या तोंडाशी आउटपुट चोक बसवतात. त्याच्या पुढे चढ मंदावणारा डीव्ही-डीटी फिल्टर येतो आणि शेवटी साइन फिल्टर, ज्यातून बाहेर पडणारे व्होल्टेज जवळजवळ ग्रिडसारखे असते. अमेरिकी नेमा मानकात साध्या मोटरीला सोसवेल असे टोक १००० व्होल्ट आणि चढ २ मायक्रोसेकंद धरला आहे. ड्राइव्हसाठी खास बांधलेल्या मोटरीला नेमप्लेटच्या ३.१ पट आणि ०.१ मायक्रोसेकंद. चाळीस मीटर केबल असलेल्या जुन्या मोटरीला पहिल्या मर्यादेत आणणे हेच फिल्टरचे काम. जी मोटर यंत्राच्या अंगातच बसवली आहे आणि जिच्या मापाची नवी मिळत नाही, तिच्यासाठी साइन फिल्टरचा खर्च सार्थ ठरतो.

वाइंडिंग जळलेच किंवा सर्ज टेस्टमध्ये नापास झाले, तर रिवाइंडिंग ड्राइव्हच्या हिशेबाने करून घ्यावे. ड्राइव्हसाठीची जाड लेपाची तार, एफ किंवा एच वर्गाचे स्लॉट-कागद, फेजांच्या मध्ये आणि कॉइलच्या डोक्यात पूर्ण इन्शुलेशन, आणि शक्य असेल तिथे निर्वात टाकीत दाबाने भरलेले वार्निश. या शेवटच्या गोष्टीने हवेच्या पोकळ्या भरून निघतात, म्हणजे रोगाचे मूळच उरत नाही. जुने वाइंडिंग काढताना गॅसच्या ज्योतीने स्टेटर जाळला तर स्टॅम्पिंगमधला इन्शुलेटिंग थर जळतो आणि मोटर कायमची तापट होते. भट्टीत स्टॅम्पिंगचे तापमान सुमारे ३६०-३७० अंशांपलीकडे जाऊ देऊ नये. ए वर्गाच्या जागेत एफ वर्गाचे वाइंडिंग बसले की जुन्या मोटरीला पन्नास अंशांची सवलत मिळते. साध्या फूट-माउंट, लहान आणि सहज बदलता येणाऱ्या मोटरीसाठी मात्र एवढा खटाटोप न करता ड्राइव्हसाठी बनवलेली नवी मोटर घेणे शहाणपणाचे.

ड्राइव्हवर चढवल्यावर पहिल्या दिवशी मोटर रिकामी चालवून तिन्ही फेजचे करंट आणि हळूहळू वाढवलेल्या प्रत्येक वेगावरचे कंपन पाहावे. जिथे यंत्र थरथरते ती फ्रिक्वेन्सी ड्राइव्हमध्ये वगळता येते. मग लोड देऊन दोन-तीन तासांनी बॉडीचे आणि बेअरिंगचे तापमान मोजावे, आणि तेच नेहमीच्या किमान वेगावर पुन्हा. त्या दिवशीचा मेगरचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, त्याच्याशी ताडून पाहावा.